मालकाचा नारू

चंपत्या

नारू बाहेर पडला की माणसानं हलायचं नसतं, हे करंजवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोट्यापाशी फोड येतो, पायात निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटला की आतून शेवईसारखा पांढरा दोरा डोकं काढतो. तो तुराटीच्या काडीला गुंडाळायचा. रोज सुखासुखी येईल तेवढाच ओढायचा, काडी पायाला बांधायची आणि खाटेवर पडून राहायचं. घाई केली की तुटतो. तुटला की आत सडतो आणि पाय घेऊन जातो.

चंपतरावाच्या पायाला काडी बांधलेली होती, तेव्हाच गढीवरून सांगावा आला.

पैनगंगेच्या काठी त्याची वांग्या-मिरच्यांची वाडी. घरात तो, त्याची आई गयाबाई आणि बायको मनकर्णा. गढी यशवंतराव देशमुखांची, म्हणजे गावाच्या मालकांची. मालकीणबाईंना जैनथच्या देवाला जायचं होतं आणि मेण्याचा एक भोई तापानं पडला होता. वेठीला माणूस पाहिजे होता.

चंपतराव काठी टेकत गढीवर गेला. मागोमाग मनकर्णा, डोक्यावर वांग्यांची पाटी, कारण रिकाम्या हातानं गढीच्या दारात उभं राहायची पद्धत नव्हती.

"पायाले नारू हाय, मालक," चंपतरावानं धोतर वर करून काडी दाखवली.

यशवंतराव पानाला चुना लावत होते. त्यांनी काडी पाहिली. मग म्हणाले, "खांद्याले तं नाई ना? मेणा खांद्यावर नेतेत."

ओट्यावरचे सगळे हसले. कारभारी हसला, भोई हसले, पाणी शिंपणारी बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. चंपतरावही हसला. मनकर्णेला त्याचंच हसणं सगळ्यांत जास्त लागलं.

जैनथच्या वाटेवर नारू तुटला. कुठल्या दगडाशी, ते त्याला सांगता आलं नाही. मेणा खाली ठेवायचा हुकूम नव्हता.


लंगडा

पाय भोपळ्यासारखा सुजला. फुटला. महिनोन्‌महिने वाहिला. दिवाळीला चंपतराव खाटेवरून उठला तेव्हा गुडघा वाकलेला तो वाकलेलाच राहिला होता आणि टाच जमिनीला लागत नव्हती.

मग मोट कोण हाकणार?

मनकर्णेनं लुगड्याचा काचा मारला आणि मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसली. धावेवरून बैल खाली जात, मोट वर येई, थारोळ्यात पाणी ओती; बैल मागे सरत, मोट खाली जाई. बाईमाणूस मोट हाकतं म्हणून बांधावरून जाणारे थांबून बघत.

"मने, गानं बी म्हन ना मोटीवरचं!"

"तुह्या तेराव्याले म्हनतो," ती म्हणे, आणि बैलांना हाक घाली.

तिच्या तळहातांना घट्टे पडले. नाड्यानं मांड्या सोलपटल्या. लंगडा वाफ्यांना पाणी वळवत बसे. त्याला आता सगळं गाव लंगडाच म्हणत होतं, तोही ओ देत होता. पूर्वी आदिलाबादच्या मदरशात तो चार जमाती उर्दू शिकला होता, ते गाव विसरलं होतं. तोही जवळजवळ विसरला होता.

मनकर्णा काही विसरत नव्हती. सकाळी जात्यावर बसली की ओवी घाली:

पयली माही ओवी वं, गढीच्या दाराला
वाळवी लागू दे, माय, मालकाच्या घराला

"ओव्या देवाच्या म्हनतेत वं पोरी," गयाबाई म्हणे.

"देवाचंच काम सांगून राह्यली मी त्याले."

गयाबाईच्या हाताला गुण होता. उन्हाळ्यात नारूवाले तिच्याकडे येत. ती रुईचं पान तेलात गरम करून लावी, दोरा चिमटीत धरी आणि काडी अशी फिरवी की माणसाला कळू नये. मनकर्णा शेजारी बसून बघू लागली. सासूला वाटलं, सून दया शिकली. सून बघत होती ती वेगळंच. दोरा किती ताणला की काचतो. किती काचला की तुटतो. तुटायच्या आधी बोटाला काय कळतं.


मेंबरसाब

हैदराबादेत नवी मजलिस, म्हणजे राज्याचं कायदेमंडळ, भरणार होती. काँग्रेसवाल्यांनी तिच्यावर बहिष्कार टाकलेला. कूळकाश्तकारांच्या जागेवर उभं राहायला माणूस मिळेना, आणि जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनी यशवंतरावांना निरोप धाडला की एखादा गरीब, उर्दू जाणणारा, हूं का चूं न करणारा पाहून द्या.

"आपला लंगडा हाय ना," मालक म्हणाले.

गढी पुन्हा हसली.

समोर कुणी उभंच नव्हतं. चंपतराव निवडून आला. मालकांनी आपली जुनी शेरवानी दिली. ती त्याच्या खांद्यांवरून उतरत होती आणि बगलेत कसरीनं भोकं पाडली होती. मनकर्णेनं ती भोकं शिवली नाहीत.

"अशीच घाला," ती म्हणाली. "दिसू द्या कोनाची हाय ते."

"हात वर करा म्हनलं की करजो, एवढंच सांगतलं मालकानं," चंपतराव म्हणाला. "बाकी मले काय कळते वं?"

"पाय कळते ना सोताचा?"

त्यानं शेरवानीची बटणं लावली.

तो गेला. ती मोट हाकत राहिली. मिरचीवर बोकड्या आला, तिनं राख उधळली. एक बैल धावेवर घसरून गुडघ्यावर पडला, त्याला तिनं हळद भरली. चंपतराव परत आला तेव्हा ती वाफ्यात वाकलेली होती. तो बांधावर बसला आणि सांगू लागला, आणि ती न वळता ऐकत राहिली.

– मंग सवाल पुसाची माही पाळी आली.

– काय पुसलं?

– म्हनलं, हुजूर, आमच्या तालुक्यात नारूनं किती लोक लंगडे झाले, सरकारले मालूम हाय का?

– मंग?

– जवाब आला, ऐसी कोई शिकायत मौसूल नहीं हुई. म्हंजे तक्रारच नाई आली.

– मंग तुमी?

– मी शेरवानी वर केली. पायजमा बी वर केला. पाय बाकावर ठेवला. म्हनलं, ये मौसूल कर लीजिए.

मनकर्णा उठून उभी राहिली. हातात खुरपं तसंच.

– कोनी हसलं?

– सदरसाहेब म्हने, मेंबरसाब, पायजमा नीचे कीजिए. बाकी कोनी नाई हसलं.

त्या दिवशी तिनं त्याला गरम भाकरी वाढली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. गयाबाई बघतच राहिली.

मजलिसीत एक डॉक्टर मेंबर होता. त्यानं चंपतरावाला बाजूला बसवून समजावलं होतं. चंपतरावानं तेच चावडीपुढं गावाला सांगितलं. नारूवाला माणूस आग शमवायला पाय पाण्यात बुडवतो. नारू त्या पाण्यात पिलं सोडतो, ती डोळ्याला दिसत नाहीत. ते पाणी आपण पितो, आणि वर्षानं आपल्या पायातून तोच निघतो. म्हणून पायऱ्यांची बारव बुजवायची. कठड्याची, रहाटाची विहीर खोदायची, तिच्यात कुणाचा पाय जाणार नाही.

गावात पायऱ्यांची बारव एकच होती. यशवंतरावांच्या आज्यानं बांधलेली, गढीच्या पायथ्याशी.

मालक तिथंच उभे होते. ते वळले. बारवेकडे चालू लागले. गाव मागोमाग. पायऱ्यांवर दोघे-तिघे नारूवाले पाय बुडवून बसले होते, ते उठू लागले.

"बसा," मालक म्हणाले. त्यांच्या शेजारी वाकले, ओंजळ भरली आणि प्याले. मिशा पुसल्या.

"हे घ्या मेंबरसाब. माह्या आज्याचं पानी. काय झालं मले?"

"आज नाई होत, मालक..." चंपतराव म्हणाला.

"मंग उद्या पितो. परवा पितो."

गढीत पाणी जाई ते सोवळ्याच्या दुहेरी धोतरातून गाळून. म्हणून गढीत कधी कुणाला नारू झाला नव्हता, आणि घरची मंडळी ती पूर्वजांची पुण्याई समजत. आता मालक रोज सकाळी बारवेवर येऊन, चार माणसं बघत असताना, कच्च्या पाण्याची ओंजळ पिऊ लागले. सगळा उन्हाळा प्याले.

मनकर्णा मुद्दाम त्याच वेळी घागर घेऊन जाई. पायरीवर उभी राहून त्यांच्या घशाची घाटी वरखाली होताना बघे.

पी, ती मनात म्हणे. आनखी पी, बापा.


दवाखानेवाला

हैदराबादेत त्याला आता हेच नाव पडलं होतं. कुणी जमिनीवर बोलो, कुणी भाषेवर, चंपतराव उठला की दवाखान्यावरच बोले. देवीच्या लशी, सुईणींना शिकवणी, भीमपूरच्या वाटेवर बैलगाडीतच बाळंत होऊन मेलेली बाई. लोक कंटाळत. तो बोले.

पदरात पडलं ते असं. करंजवाड्याला चावडीलगतच्या खोलीत दवाखाना मंजूर. एक बाक, लाल औषधाची बाटली, चुन्याची पोती, पट्ट्या. डॉक्टरही मंजूर, पण तो येऊन राह्यला होता. वर्षभर येऊनच राह्यला होता, पोचला नव्हता. मदतनीस बाई म्हणून मनकर्णा. गयाबाईचे डोळे गेले होते, आणि नारू काढायला आता हिच्याइतका हलका हात पंचक्रोशीत नव्हता.

दुसरं म्हणजे रहाटाची विहीर मंजूर. पण जुनी बारव आधी बुजली पाहिजे, ही अट. बारव मालकांच्या इनामात, तेव्हा त्यांची लेखी संमती, रजामंदी, हवी. सरकारी फसली साल संपायच्या आत नाही मिळाली तर मंजुरी दुसऱ्या गावाला.

"आज्याच्या बारवीवर माती टाकू?" यशवंतराव म्हणाले. "आधी माह्यावर टाका."

मजलिसीचा मेंबर जोडे हातात घेऊन गढीच्या दारात उभा राही. आत पानसुपारी होई, मग सांगत, मालक निजले. तो लंगडत घरी येई, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

"हैदराबादेत ताठ बोलता, इथी काऊन वाकता?" मनकर्णा म्हणाली.

"काम व्हाले पायजे ना वं. वाकल्यानं माहं काय झिजते?"

"आनखी काय झिजाचं राह्यलं?"

"पोराईचे पाय वाचतीन, मने. मले दुसरं काई नाई पायजे."

तिला पाहिजे होतं. पण ते कुठल्या मजलिसीत मागता येण्यासारखं नव्हतं.

उन्हाळा तापला. करडी निघाली, पैनगंगेच्या पात्रात डोह तेवढे उरले. गावात काड्या बांधलेले पाय दिसू लागले. मेण्याचे भोई तर सगळेच खाटेवर. आणि एका सकाळी, अजून बायका पाण्याला यायच्या होत्या, मनकर्णा घागर घेऊन बारवेवर आली तर खालच्या पायरीवर मालक बसलेले. एकटे. धोतर गुडघ्यापर्यंत. उजवा पाय पाण्यात, डोळे मिटलेले.

तिनं घागर खाली ठेवली. आवाज होईल अशी ठेवली.

"मालक, पाय बाहेर काढा."

त्यांनी डोळे उघडले. "बारव माही हाय."

"पानी गाव पिते."

"लय आग होऊन राह्यली वं..." शब्द तोंडातून निसटले तसे त्यांनी ओठ आवळले.

ती दोन पायऱ्या उतरली, वाकली. पाण्याखाली घोट्याशी फोड फुटला होता आणि पांढरं टोक हलत होतं. तिनं ते डोळे भरून पाहिलं. पोटात काहीतरी गोड, गरम उतरत गेलं. असं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

"पुण्याई निघून राह्यली, मालक," ती म्हणाली. "उठा."

ते उठले.


मनकर्णेचा नवरा

गढीवरून कारभारी आला. "मालकानं बोलावलं. काडी लावाले."

"दवाखाना कोनाच्या दारी जात नाई. मालकाले सांग. दुखनेकऱ्यानं यावं लागते."

"मने, हलायचं नसते ना पन?" चंपतराव हळूच म्हणाला.

तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो बाहेर जाऊन बसला.

वैद्याची पानं झाली, मांत्रिकाचा धूप झाला. मग एक दिवस छकडा चावडीपुढं थांबला आणि यशवंतराव देशमुख दोन गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून उतरले. आतला बाक एका बाळंतिणीनं धरला होता. बाकीचे बाहेर भिंतीला टेकून, काड्या बांधलेले पाय पसरून बसले होते. गोंड, महार, माळी, कुणबी. ते उठले नाहीत. नारूवाल्याला उठता येत नाही, त्यात बेअदबी कसली?

मालक जमिनीवर बसले.

पाळी आली तेव्हा मनकर्णेनं त्यांची टाच मांडीवर घेतली. गोरी, मऊ टाच होती. तिनं लाल औषधानं फोड धुतला, टोक चिमटीत धरलं, हलकेच ओढलं. दोरा ओला, उबदार, आणि दुसऱ्या टोकाला मालक. एक झटका, बस्स. मनगट तयारही झालं. दोरा काचू लागला, ती खूण तिच्या बोटाला कळली.

तिनं सैल सोडलं.

झटक्यानं एकदाच झालं असतं. मालक किंचाळले असते, गढीत जाऊन पडले असते, आणि तिच्या हातून सुटले असते. तिला सोडायचे नव्हते. तिनं मोहरीएवढा दोरा काडीवर घेतला आणि पट्टी बांधली.

"झालं? एवढाच?"

"उद्या या."

ते उद्या आले. परवाही आले. रोज छकड्यातून उतरायचं, रोज भिंतीशी बसायचं, रोज मोहरीएवढं. चंपतराव दारातून बघे. त्याला सगळं दिसे.

"आनखी येत होता तो," तो एकदा म्हणाला.

"तुमी डाक्टर हाय का?"

"मेंबर हाव ना..."

"मंग मजलिसीत बसा. इथी मी बसली."

भिंतीशी बसलेले खुसखुसले. एक म्हातारा म्हणाला, "चंपतराव मेंबर असन. पन राजा, इथी तू मनकर्णेचा नवरा." चंपतराव हसला. या वेळच्या त्याच्या हसण्याचं तिला काही वाटलं नाही.

आखाजीचा सण जवळ आला तशी तिनं विचारलं. टाच मांडीवर, दोरा चिमटीत. "मालक, ते रजामंदीचं काय झालं?"

"आता?"

"आताच तं सवड हाय तुमाले. पाय हलत नाई."

त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. दोरा ताठ झाला होता.

"ओढू नको वं."

"मी कोठी ओढून राह्यली? तुमी बोला. मी नुसती धरून राह्यली."

बाहेर लोक माना वळवून बघू लागले. मालकांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला. त्यांनी भिंतीपाशी बसलेल्या आपल्याच भोयांकडे पाहिलं, भोयांनी आपापल्या काड्यांकडे.

"कागद आना," मालक म्हणाले.

चंपतराव धावला. लंगडत धावला. दौत-टाक घेऊन आला. मालकांनी मोडीत सही केली, आणि चंपतरावाच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानं त्यांचा दुसरा पाय धरला. "लय उपकार झाले, मालक. गाव नाव घेईन तुमचं."

मनकर्णेनं मोहरीएवढा दोरा गुंडाळला. त्याहून कमीच.

बारव बुजवायला सगळं गाव आलं. ज्यांचे पाय धड होते त्यांनी टोपल्या उचलल्या, बाकीच्यांनी बसल्या जागेवरून मुरूम भरून दिला. मालक छकड्यात बसून बघत होते. एकेक पायरी जात होती. आज्याच्या नावाचा दगड आला तेव्हा गडी थांबले, मालकांकडे पाहू लागले. मालक मान फिरवून नदीकडे बघत राहिले. मनकर्णेनं मग आपली टोपली त्या दगडावर रिती केली. तिच्या हाताला घट्टे होते, जड टोपली तिला जड नव्हती.

पाऊस लागायच्या आत रहाटाची विहीर झाली. चंपतरावानं हैदराबादेत जाऊन भर मजलिसीत मालकांचा शुक्रिया अदा केला, त्यांचं मन मोठं म्हणून. लोकांनी बाकं वाजवली. परत येऊन त्यानं तेही बांधावर बसून कौतुकानं सांगितलं. मनकर्णा मिरच्या तोडत होती. त्या दिवशी तिनं हिरव्याबरोबर कोवळ्या कळ्याही तोडून टाकल्या.

उजव्या पायाचा नारू अजून निघाला नव्हता, तोच मालकांच्या डाव्या पायाला फोड आला. गेल्या वर्षी सगळा उन्हाळा प्याले होते ते. आता दोन्ही पायांना काड्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस पिरपिरत होता. भिंतीशी पत्र्याची पागोळी गळत होती, मालकांच्या खांद्यावर. ते सरकले नाहीत. सरकायला जागाच नव्हती. दाढी वाढली होती. मनकर्णा दारात आली तसे ते म्हणाले,

"बारव गेली. तुह्या नवऱ्याचं काम झालं. आता तरी लवकर काढ, मनकर्णाबाई."

बाई. आजवर ती चंपत्याची बायको होती.

तिनं हात पदराला पुसले. आत चंपतराव पट्ट्या गुंडाळत होता, त्याचे हात थांबल्याचं तिला न पाहताच कळलं.

"ते मजलिसीचं काम होतं, मालक," ती म्हणाली. "हे माहं हाय."

मालकांच्या मागे, रांगेच्या शेवटी, डोंगरातल्या कोलाम जमातीतला एक माणूस आखडून बसला होता. नुकताच आला होता, डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं. तिनं त्याला हात केला.

"ये बापा. तू ये आधी."